शुद्धिपत्र

आमच्या शहराचं नाव वुच. वुच म्हणजे होडी.
नदी मात्र कुठे दिसत नाही; ती कधीच
रस्त्यांच्या पोटात कोंडून टाकली.
अशा ह्या कोरड्या होडीत बसून
तेओफिला ग्झेंदा तेवीस वर्षं
फेरो बेटांवरच्या एका कोळ्याच्या कविता
पोलिशमध्ये आणत होती.

मी छापखान्यातला जुळारी. खिळे उलटे वाचणारा.
दिवसा ती जर्मनमधून
धुलाईयंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करायची,
मुद्रितं न्यायला स्वतः यायची;
टपालावर विश्वास नव्हता, आमच्यावर त्याहून कमी.
पहिल्याच भेटीत म्हणाली, "पान सेवेरिन,
ढवळणं वेगळं, घुसळणं वेगळं.
कपड्यांनासुद्धा कळतं."

स्वतःच्या कविता? एकच पुस्तक, सत्तावीस कवितांचं,
कागद असा की पान उलटलं की बोटांना पीठ.
ग्झेंदा म्हणजे भाजीचा वाफा.
समीक्षकाने त्यावर एक विनोद केला
आणि कवितांबद्दल अक्षर लिहिलं नाही.
पुढे कुणी विचारलं तर सांगायची,
"वाफ्यात सध्या दुसऱ्याचं बी आहे."

फेरोच्या लिपीत एक ड असतो, मानेवर आडवा काप असलेला.
आमच्या खणांत तो कुठून असणार?
साध्या ड ला शिशाचा डाख देत मी चार खिळे बिघडवले,
पाचवा जमला.
कोळ्याच्या नावात तो दोनदा येतो.
म्हणून परत डाख.

मग तो दोर.
बुडणाऱ्याकडे फेकलेला, की होडी धक्क्याला बांधायचा,
कवितेवरून कळेना. तिने पत्र टाकलं:
दोर कसला?
सहा महिन्यांनी उत्तर आलं, एका शब्दाचं:
ओला.

तेव्हा ती नोव्हेंबरात रजा काढून
रात्रीच्या गाडीने यास्तार्नियाला गेली, बाल्टिकच्या काठी,
आल्बिन नावाच्या म्हाताऱ्याशेजारी आठ दिवस जाळी सांधत बसली.
वहीत दोराचे एकोणीस शब्द घेऊन परतली,
बोटांना डांबराचा वास.
आणि हस्तलिखितात लिहिलं काय, तर 'लिना'.
दोर. कुठलंही शेंबडं पोर म्हणेल तो.
"एवढं करून हेच?" मी विचारलं.
"आता मला माहीत आहे," ती म्हणाली,
"मी काय काय लिहिलेलं नाही."

मी जुळवलं 'लिनिया'.
रेघ.
'इ'चा एक जादा खिळा, डोक्यावर उवेएवढं टिंब.
तीन मुद्रितांतून निसटला, तिच्याही डोळ्यांखालून.
आठशे प्रती छापून झाल्या
आणि आठशे वेळा कुणीतरी
लाटांमधल्या माणसाकडे रेघ फेकली.

ती आली. पुस्तक माझ्या खणांवर ठेवलं.
चहा संपेपर्यंत बोलली नाही,
तळाची साखरसुद्धा चमच्याने खाल्ली.
शुद्धिपत्राला कागद नव्हता;
व्यवस्थापक म्हणाले, पुढच्या तिमाहीत अर्ज करा.
तिने दाढीचं पातं विकत घेतलं.

त्यानंतर अकरा वर्षं रविवारी आम्ही
वाचनालयांतून, ओळखीच्यांच्या घरांतून हिंडलो.
यजमान चहा टाकायला आत गेले
की मी पान ताणून धरायचो, ती 'इ' खरवडायची.
लोक आमच्याबद्दल काय समजायचं ते समजले.
तीनशे बारा प्रती. वहीत नोंद आहे,
त्याच वहीत, एकोणीस दोरांच्या खाली.

मार्चमध्ये ती गेली.
झ्गिएशच्या वाचनालयात एक प्रत आहे,
तिथे पातं जरा जास्त चाललं होतं, भोक पडलं.
काल परत पाहून आलो.
शब्दाच्या मधोमध त्या भोकातून
पलीकडच्या पानावरचा एक 'ओ' दिसतो,
गोल, घट्ट.
गाठ म्हणायला हरकत नाही.

बाकी चारशे अठ्ठ्याऐंशी प्रती अजून बाहेर आहेत.
पातं माझ्याकडे आहे, पण हात थरथरतो.
तुमच्या हाती एखादी लागली
तर तिथे रेघ असेल.
ती माझी.